नको तो शब्द वगळून

तेलंगणाच्या सीमेलगतच्या गोंडपिपरीत स्वातीचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. नेटवर काही शोधावं तर स्वातीनंच, असं लोक म्हणत, आणि स्वातीलाही ते मनापासून पटलेलं होतं. शब्द अवतरणचिन्हांत घातले की नेमके तेवढेच सापडतात, नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह टाकलं की तो गाळला जातो, असल्या खुब्या तिच्या बोटांवर.

सोमारी आली ती थेट तिच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. तिचा पोरगा चैतू तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. त्याचा फोन बंद, मुकादमाचाही बंद, आणि तिकडे मजुरांची गाडी उलटल्याचं गावभर झालेलं.

"पाय न बाई, माहा पोरगा त्यात होता का?"

स्वातीने चैतूचं नाव गावासकट अवतरणात टाकलं. काही नाही. नुसतं नाव टाकलं तर गाण्यांचा नि लग्नाच्या फोटोंचा ढीग. मग 'मिरची', 'मजूर', 'अपघात' जोडले, ताज्याच बातम्या मागितल्या. 'मृत' शब्दाआधी मात्र तिने गुपचूप उणे चिन्ह टाकलं. सोमारीला वाचता येत नव्हतं. तो शब्द समोर यायला नको होता तो स्वातीलाच. एकही बातमी उरली नाही.

"नाई सापडून राह्यलं का?"

"थांबा न बाई."

तिने ते चिन्ह शब्दासकट काढलं आणि बाकीचं तेलुगूत करून टाकलं. एकच बातमी आली. जिलेबीसारखी अक्षरं, भाषांतर काही उघडेना. निदान नाव तरी कानावर पडेल, आणि बाईला तेलुगूतलं काय कळणार, म्हणून तिने बातमी ऐकायचं बटण दाबलं.

सोमारीची अर्धी हयात त्याच मुलखात मिरची तोडण्यात गेली होती. इथली पोर असून स्वातीला हे सुचू नये! सपाट आवाज बोलत होता आणि सोमारीचा चेहरा उतरत चालला होता. स्वातीला एकच शब्द ओळखता आला: चैतू. बातमी बंद करायचंही तिला सुचेना.

"बाई... काय म्हणते थे?" स्वातीने विचारलं. दुसरं विचारणार तरी कोणाला?

सोमारीने भिंतीला हात टेकला. "दवाखान्यात नेऊन राह्यले होते म्हणते," ती म्हणाली. "रस्त्यातच..."

आवाज थांबत नव्हता. तो पुढचं वाक्य बोलला, आणि सोमारीने तेही स्वातीला मराठीत सांगितलं.