अडीच हजार वॅट

“मॅडम, मंग पाईपातून भायेर आलेलं पाणी काय तिथंच थिजून बसतंय का?”

शिवानीच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायची मुभा नव्हती. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी डाऊट काउंटरवर बसते. म्हणजे शिकवतात विरूपाक्ष सर, आणि त्यांचं शिकवलेलं डोक्यावरून गेलं की पोरं वही घेऊन माझ्याकडे येतात. क्लासच्या छापील उत्तराविरुद्ध मात्र मी बोलायचं नसतं. चौकाचौकात फ्लेक्स सरांचे आणि घसा बसतो माझा. असो, त्याचं मला काही नाही. गणित सुटलं की पोरांचे चेहरे उजळतात, ते बघायला मला आवडतं, म्हणून टिकून आहे.

रविवारच्या टेस्टमधलं ते गणित तसं साधं होतं. विहीर वीस मीटर खोल. मोटार दर सेकंदाला दहा किलो पाणी वर आणते आणि सेकंदाला दहा मीटर वेगानं पाईपातून बाहेर फेकते. मोटारीची पॉवर किती? पाणी वर उचलायला दोन हजार वॅट, त्याला तेवढा वेग द्यायला आणखी पाचशे. झाले अडीच हजार. शिवानीनं तेच लिहिलं होतं. क्लासच्या छापील उत्तरांत, म्हणजे आन्सर कीमध्ये, मात्र दोन हजार. बाकीच्या पोरांनी सरांची ट्रिक लावली, वेगाकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि मार्क घेऊन मोकळी झाली. हिचे चार मार्क गेले, वर एक निगेटिव्ह. आमच्याकडे दर सोमवारी मार्कांवरून बॅच बदलतात. तेवढ्या फरकानं पोरगी पहिल्या बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये गेली. दुसऱ्या बॅचला सर येत नाहीत, त्यांचा तास पडद्यावर लावतात. पडद्याला काय शंका विचारणार?

“आमच्या अर्धापूरला या,” ती म्हणाली. “केळीला पाणी सोडलं की पाईपाच्या तोंडाला हात लावून बगा. हात मागं ढकलतंय. मंग तो जोर फुकट येतो का?”

“थांब. मी सरांशी बोलते.”

सर रेणापूरचे, बोलायला गोड. त्यांनी कागद बघितला आणि लगेच मान हलवली.

“पोरीचं बरोबर आहे, मॅडम. मला कळत नाही का?”

मला वाटलं, झालं काम.

“पण आता आन्सर की बदलली तर सगळ्या पोरांचे नंबर हलतात. उद्या पालक दारात येऊन बसतील. तुम्हीच तिला समजवा. म्हणावं, वेग धरायचा नव्हता.”

“मग प्रश्नात दिलाय कशाला?”

“फसवायला दिलाय म्हणा,” सर हसत म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कोणाची होत नाही? फळ्यावर माझी रोज होते, पोरं दाखवतात, मी पुसते. पण सगळं माहीत असून पोरीलाच खोटं पाडायचं, आणि तेही माझ्या तोंडून! याला शिकवणं म्हणायचं का? मी कागद उचलून बाहेर आले.

बुधवारी शिवानीचे वडील आले, व्यंकटराव. चपला बाहेर काढून काउंटरपुढे उभे राहिले. शेजारी शिवानी मान खाली घालून उभी होती, मागे डाऊटवाल्या पोरांची रांग.

“म्याडम, लेकरू धड जेवून न्हाई राहिलं. तिचं चुकलं आसंल तर तसं सांगून टाका. तुमचं आयकती ती. बरोबर हाय म्हणलाव, तर अजून जळत बसंल.”

सरांना फ्लेक्सची काळजी, या बापाला लेकीची. मागणं मात्र दोघांचं एकच. बापावर मला चिडताही येईना.

“भाऊ, तिचं चुकलेलं नाही,” मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “उत्तर अडीच हजारच आहे. की चुकलीय. सरांनाही माहीत आहे.”

रांगेतली पोरं पुढे सरकली.

“मंग तिची बॅच?” व्यंकटरावांनी विचारलं.

“ती नाही बदलणार.”

“आवो, मंग ह्या खऱ्याचं आमी करायचं काय?”

शिवानीनं पहिल्यांदाच मान वर केली.

“चला आबा,” ती म्हणाली. “भूक लागली.”

संध्याकाळी ऑफिसात बोलावून मला दम दिला गेला. पोरांसमोर सरांचं नाव घ्यायचं नाही म्हणे. काढायचं तर काढा, म्हटलं. काढलं नाही. दिवसभर शंका सोडवत बसणारं माणूस लगेच कुठून आणतील?

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. ज्या गणितावर डाऊट येतात, ते पुढच्या रविवारी पुन्हा घालतात. मोटारीचं गणित पुन्हा आलं. सोमवारी शिवानी परत पहिल्या बॅचमध्ये गेल्याचं कळलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, सरांना लाज वाटली असेल, आन्सर की सुधारली असेल.

दुपारी ती स्वतःच काउंटरवर आली. हातात वही नव्हती.

“मॅडम, की तीच होती,” ती म्हणाली. “मला वाटलंच व्हतं. कच्च्या कागदावर अडीच हजारच काढलं. मांडणी पुरी केली. मंग दोन हजाराचा गोल भरला.”

खरं उत्तर येत असलेल्या पोरीला खोटं लिहायला शिकवायचं, तर आम्हाला एक आठवडा पुरला. एवढी मोठी इमारत, एवढे पालक रांगा लावतात, ते याच्यासाठी. माझ्या तोंडाशी फार वाईट शब्द आले होते.

“आबाला फोन केला. ते म्हणले, बेस केलंस.”

मी काउंटरवरचे कागद सारखे करत राहिले. ती जाईना.

“तुमी रागवा की मॅडम,” ती हळूच म्हणाली.

मी उठले आणि माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. मी रागवायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.