तिसऱ्या गिअरचा आवाज

प्रेमाच्या गाडीला आवाज होता, आणि तो प्रेमाशिवाय कुणालाच ऐकू येत नव्हता.

मुलगा सर्वेश गाडी घेऊन बोरिवलीहून मुलुंडपर्यंत जाऊन आला आणि चावी टेबलावर टाकत म्हणाला, "आई, झकास चालते. तुझे कान वाजतायत." शेजारच्या कमलने गाडीत न बसताच निकाल दिला की हायब्रिड गाड्यांचं असंच असतं. पेट्रोल आणि बॅटरी एका घरात नांदवायला गेलं की कुरकुर व्हायचीच. कमलला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण नांदवण्यातलं कळत होतं, त्यामुळे तिला कुणी खोडून काढलं नाही.

प्रेमा मात्र हट्टाला पेटली होती. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घरघरायची. मुलाने तिला सांगून ठेवलं होतं, "आवाज खरा असेल तर दुरुस्त करून घे. नाही झाला, तर विकून टाकू. रस्त्यात एकटी अडकलीस तर काय करशील?" त्याचं चुकत नव्हतं. पण ही गाडी गेली तर नवरा दुसऱ्यांदा जाईल, असं प्रेमाला वाटत होतं. आणि हे मुलाला सांगायचं कसं?

गाडी तिच्या नवऱ्याने, कुंडलिकने, रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली होती. हायब्रिड, पण गिअरवाली. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपलं आपण गप्प व्हायचं, क्लच दाबला की पुन्हा सुरू. या गोष्टीचं त्याला इतकं कौतुक की सिग्नल हिरवा असला की तो हिरमुसायचा. दर रविवारी सकाळी दोघं आरे कॉलनीत फेरी मारायला जायची. झाडांखालून, तबेल्यांवरून, कुठे पोचायचं नाही अशी फेरी.

तिथेच त्याने तिला गाडी शिकवायला घेतली, तीही आपल्या पद्धतीने. तिला स्टिअरिंगची भीती वाटायची. तेव्हा तो म्हणाला, "सगळा एकदम नको. आधी गिअर." तो गाडी चालवणार, क्लच दाबणार आणि म्हणणार, "टाक गो." मग बाजूच्या सीटवरून प्रेमाने गिअर टाकायचा. तिच्या हातावर त्याचा हात. गिअर पडला तरी हात काढायचा नाही, असा त्याचा नियम होता. "गाडी काय म्हणता ता हाताक कळता," असं तो छातीठोक सांगायचा. स्टिअरिंग पुढच्या महिन्यात, असं तो प्रत्येक महिन्यात म्हणायचा. शेवटी पुढचा महिना आलाच नाही. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

त्याच्या मागे प्रेमाने ड्रायव्हिंग स्कूल लावलं, लायसन काढलं. लोक म्हणाले, या वयात कमाल आहे. तिला त्या कौतुकाचं काही नव्हतं. ज्याने बघायला हवं होतं त्याने बघितलं नाही, एवढंच तिला खुपत राहिलं.

मालाडच्या सहदेवचं गॅरेज कुंडलिकच्या ओळखीचं. सहदेवने पहिल्यांदा बॉनेट उघडून हायब्रिडच्या मोटरचा पट्टा तपासला, ताणून बघितला, पाणी मारून बघितलं. चक्कर मारून आला. आवाज नाही. दुसऱ्या खेपेला चाकांचे बेअरिंग बघितले. पुन्हा चक्कर, पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला तो डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो."

आरेच्या रस्त्याला लागल्यावर तिने तिसरा टाकला, आणि घरघर सुरू झाली.

"आला ना?" प्रेमा जवळजवळ आनंदानेच ओरडली.

"आला की!" सहदेव सीटवर सरळ झाला. त्याने क्लच दाबायला लावला, सोडायला लावला, ॲक्सिलरेटर कमीजास्त करायला लावला. मग त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. "वहिनी, गिअरवरून हात उचला बघू."

तिने उचलला. गाडी गप्प झाली.

"ठेवा."

घरघर.

"घ्या! मी हात ठेवत नाही, सर्वेश ठेवत नाही. मग आवाज येणार कुठून?" सहदेवने गाडी कडेला घ्यायला लावली आणि समजावलं. गिअर बॉक्सच्या आत चिमट्यासारखा एक लोखंडी तुकडा असतो, तो गिअर सरकवतो आणि काम झालं की मोकळा राहतो. वरून दांड्यावर हाताचा भार ठेवला की तो फिरत्या चकतीला घासत राहतो. घासून घासून झिजतो, मग बोंबलतो. "तुम्हाला हात ठेवायला शिकवलं कोणी, यार? वाट लागली बॉक्सची."

समोर एक म्हैस रस्ता ओलांडत होती, ती पलीकडे जाईपर्यंत प्रेमाने वेळ काढला. मग म्हणाली, "यांनी."

आणि मग सगळंच सांगून टाकलं. रविवार, क्लच, टाक गो. आता ती त्याच्या सीटवर बसायची आणि गिअरवर तिचा हात त्याच्या हाताच्या जागी असायचा. "तिथे हात ठेवला की ते आहेत असं वाटतं हो. म्हणून काढवत नाही." सहदेव एरवी फटकळ माणूस, पण तो खिडकीबाहेर बघत बसला.

गिअर बॉक्स उतरवला. सहदेवने बदललेला तुकडा तिच्या हातावर ठेवला, जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा ही त्याच्या गॅरेजची रीत. एक बाजू जाड, दुसरी चमकत होती आणि पातळ झाली होती.

"मीच खराब केली ना त्यांची गाडी?" प्रेमाने विचारलं.

"एकट्या तुम्ही? तुम्ही चालवताय कधीपासून! एवढं लोखंड असं पटकन जात नाही, वहिनी. ही जुनी झीज आहे. दोन हातांची."

त्या चमकत्या बाजूवरून प्रेमाने अंगठा फिरवला. तिला एवढं बरं वाटलं की त्याची तिला लाजच वाटली.

"पण नवीन टाकलाय," सहदेव म्हणाला. "हात ठेवलात तर हापण झिजणार. मग सर्वेश म्हणतो ते खरं, विकलेली बरी."

ती परत आरेतून निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी लोण्यासारखी चालली होती. तिचा डावा हात मात्र तिसरा टाकून तिथेच राहिला. तिने उचलायचा म्हटलं, उचलला जाईना. आता उचलला तर कुंडलिक गेला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि नाही उचलला, तर गाडीही जाणार. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न मारला. गाडीने आत बारीकसा कण्हल्यासारखा आवाज केला.

"अहो, सोडा आता," प्रेमा मोठ्याने म्हणाली. "स्टिअरिंगपण येतंय मला. बघा तरी."

तिने हात उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला. गाडीत कसलाच आवाज राहिला नाही. डोळे भरून आले होते, पण पुढे वळण होतं, म्हणून रडायचं ते घरी जाऊन, गाडी नीट लावून मगच, असं तिने ठरवलं.