धुरातल्या कोजागिरीची घंटा

कडेला टवका उडालेली, हिरवट पडलेली, पितळेची एक जुनी घंटा आहे मी, मित्रांनो. क्वीन्सटाउनमधल्या एका हॉलच्या कपाटात, घडीच्या टेबलांमागे माझा मुक्काम असतो. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसांच्या एका मंडळाच्या सभा या हॉलमध्ये भरतात. एके काळी मी त्या मंडळाच्या अध्यक्षांच्या टेबलावर मानाने बसत होते. तिथून या कपाटात कशी आले, ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म मुंबईत, माझगावच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. मला एका मालवाहू बोटीच्या पुढच्या टोकाला टांगलं. बोट नांगरावर उभी असली आणि धुकं दाटलं, की खलाशी मला भराभरा वाजवत. ‘इथे धोका आहे, जपून,’ असा त्या आवाजाचा अर्थ. ते काम मला फार आवडायचं. पुढे बोट म्हातारी झाली आणि सिंगापुरात विकली गेली. नव्या मालकांना माझी गरज नव्हती. तेव्हा बोटीचे चीफ इंजिनियर पद्माकर खोत यांनी मला मागून घेतलं आणि बेडोकच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्या पत्नीने, गिरिजाबाईंनी, मला चिंचेने घासून लख्ख केलं. छोट्या वल्लरीने, त्यांच्या लेकीने, मला इतकं बडवलं की शेजारची चिनी आजी दार वाजवायला आली.

खोतसाहेबांनी बंदरातली नोकरी धरली होती. बोटीवरच्या आणि बंदरातल्या मराठी मंडळींना जमवून त्यांनी मंडळ काढलं, आणि लोकांनी त्यांनाच अध्यक्ष केलं. लाकडी चौकटीत मला टांगून ते सभेच्या टेबलावर ठेवत आणि सभा संपली की घरी परत नेत. गलका वाढला की ते एक टोला द्यायचे आणि सगळे हसत गप्प व्हायचे. किती छान दिवस होते ते!

मग पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवर काम करणारी बरीच मंडळी आली. तांजोंग पगारच्या उंच इमारतींत त्यांची ऑफिसं होती. मंडळ मोठं झालं, तसे त्यात दोन गट पडले. एक बंदरवाले, दुसरे कॉम्प्युटरवाले. बंदरवाल्यांना सहलीत मासे हवे असत, कॉम्प्युटरवाल्यांना नाटक हवं असे. एवढ्यावर थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण खोतसाहेब बंदरवाल्यांचे, म्हणून त्यांचं काहीच कॉम्प्युटरवाल्यांना पटेना. रुचिर नावाचा एक हुशार तरुण त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचा. “मंडळी, इंजिन सुरू करा, गणपती बाप्पा फुल अहेड!” असं तो म्हणाला की मागच्या रांगा खो-खो हसत. खोतसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करत. घरी आल्यावर मात्र ते अर्ध्या ताटावरून उठत.

हसणाऱ्यांत कॉम्प्युटरवाल्यांपैकीच एक, विनीता पारसनीसही असत. आश्चर्य म्हणजे विनीताबाई आणि गिरिजाबाई जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. बेडोकच्या बाजारात मेथीच्या एकाच जुडीला दोघींनी हात घातला, तेव्हाची त्यांची ओळख. दोघींची घरं शेजारच्या ब्लॉकमध्ये होती, आणि दिवाळीची चकली एकत्रच व्हायची.

शहाण्णव सालच्या निवडणुकीत खोतसाहेबांना हरवून विनीताबाई अध्यक्ष झाल्या. गिरिजाबाईंनी कुणाला मत दिलं, ते घरात कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी हेमचंद्र टेबलापाशी आला. हा मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा कप्तान, बंदरवाल्यांमधला सर्वांत मोठ्या आवाजाचा. “घंटा बोटीची आहे,” तो म्हणाला. “ती बोटवाल्यांकडेच राहील. काय, चीफ?”

खोतसाहेबांनी मला उचललं.

“न्या,” विनीताबाई म्हणाल्या. “पण तुम्ही सभेला येत जा.”

ते गेले नाहीत. बाकीचे बंदरवाले जात, पण गोंधळ घालायला. विनीताबाईंना स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटून सभा चालवावी लागते, असं हेमचंद्र घरी येऊन हसत सांगे. त्यांनी वाचनालय काढलं, तर बंदरवाले म्हणत, ‘आम्हांला अडाणी समजतात’. मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढला, तर ‘आमच्या मुलांना त्यांच्या बाजूला ओढतात’. वल्लरी नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती. खोतसाहेबांनी तिचं नाव वर्गातून काढलं. त्या दिवशी गिरिजाबाईंनी मला पुसलं नाही.

मित्रांनो, त्यानंतरच्या वर्षी समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं पेटली आणि सगळा धूर सिंगापूरवर आला. समोरचे ब्लॉक दिसेनासे झाले. वाळत घातलेल्या कपड्यांना जळकट वास येऊ लागला. गिरिजाबाईंना दमा होता. त्या खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायच्या. खोतसाहेब रोज सकाळी आकाश बघून म्हणायचे, “आज बाजारात जाऊ नकोस. मी आणतो भाजी.”

कोजागिरी जवळ आली. दर वर्षी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर मंडळाची मंडळी जमत आणि मसाला दूध होई. विनीताबाईंनी सर्वांना कळवलं, की हवा वाईट आहे, यंदा कोजागिरी रद्द.

लगेच खोतसाहेबांच्या घरी हेमचंद्र आला. “तिने रद्द केली म्हणून आपण घरी बसायचं? चीफ, आपण करू कोजागिरी! बघू या, तिचं ऐकून किती जण घरी राहतात!”

खोतसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. क्षणभर मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, “करू.”

संध्याकाळी फोन वाजला. गिरिजाबाई बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या. “विनीताचा फोन आहे. म्हणते, बाकीच्यांना जायचं तर जाऊ दे, तू तरी जाऊ नकोस.”

“ती अध्यक्ष आहे, म्हणून हुकूम सोडते आहे.”

“अहो, ती मैत्रीण आहे म्हणून सांगते आहे.”

वल्लरी तिच्या सिंगापुरी बोलीत म्हणाली, “बाबा, स्कूलमध्ये पीईचा तासपण इनडोअर्स झाला. व्हाय गो, लाह?”

“मीच कार्यक्रम ठेवायचा आणि माझीच बायको घरी?” खोतसाहेब म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

गिरिजाबाईंनी फोन खाली ठेवला आणि दुधात घालायला बदाम भिजत टाकले.

कोजागिरीला मलाही किनाऱ्यावर नेलं होतं. चंद्र दिसतच नव्हता. धुरामागे कुठेतरी एक तांबूस डाग होता, तोच चंद्र म्हणायचा. लोक आले ते रुमाल नाकाला लावून. हेमचंद्र मला जोरजोरात वाजवत होता. “या, या! बंदरवाले घाबरत नाहीत!” धुक्यात लोकांना धोक्यापासून दूर ठेवणारी मी, त्या संध्याकाळी त्यांना धुरात बोलावत होते. माझ्या हातात काय होतं, मित्रांनो? घंटेला जो वाजवील त्याचं ऐकावं लागतं.

गिरिजाबाई पेले भरत होत्या. दोन-तीनदा थांबून त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांचं लक्ष सारखं नवऱ्याकडे जात होतं. ते लोकांशी बोलत होते, खूप दिवसांनी मोकळेपणाने हसत होते. म्हणूनच कदाचित त्यांनी हाक मारली नाही. मग पळी हातातून सुटली आणि त्या वाळूत बसल्या. वल्लरी किंचाळली, “आई!”

रुग्णवाहिका आली. विनीताबाई इस्पितळात रोज जात होत्या. त्या आल्या की ते उठून बाहेर जायचे. दिवाळीच्या आधी गिरिजाबाई गेल्या. धूर तोवर विरळ व्हायला लागला होता.

याच हॉलमध्ये शोकसभा झाली. खोतसाहेबांनी मला सोबत आणलं आणि टेबलावर ठेवलं. हॉल भरला होता, पण मधली वाट सोडून दोन्ही गट दोन बाजूंना बसले होते. हेमचंद्र खोतसाहेबांच्या कानाशी लागला, “चीफ, त्या बाईंना बोलू देऊ नका. सगळं आपल्यावर ढकलतील.” पलीकडे रुचिर विनीताबाईंना सांगत होता, “तुम्ही नको म्हणाला होतात, हे आज सांगाच. आता सोडायचं नाही.”

विनीताबाई उभ्या राहिल्या. पेला-चमचा काही लागला नाही.

“खोतसाहेब अध्यक्ष होते, तेव्हा इथे त्यांची नक्कल व्हायची,” त्या म्हणाल्या. “मी हसायचे. गिरिजा पुढच्या रांगेत बसलेली असायची. तिने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. मी तेव्हा हसले नसते, तर माझा फोन त्यांनी एका मैत्रिणीचा फोन म्हणून ऐकला असता.”

त्या खाली बसल्या. रुचिर मान खाली घालून बसला होता.

खोतसाहेब जागेवरूनच म्हणाले, “विनीताबाई, जन्मभर मी इंजिनांवर काम केलं. धूर मला कळतो. हवा वाईट आहे, हे मला तुमच्याआधी माहीत होतं. मी ती कोजागिरी रद्द केली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. पण ते तुम्ही म्हणालात, आणि म्हणून मी उलट केलं.”

वल्लरी त्यांच्या शेजारी बसली होती. तिने सगळं ऐकलं.

तुम्हांला वाटेल, त्यानंतर सगळे शहाणे झाले. तसं झालं नाही, मित्रांनो. पुढच्या वर्षी रुचिर अध्यक्ष झाला, आणि तो काय बोलणार हे ऐकायच्या आधीच हेमचंद्राच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. मला टेबलावर ठेवायला दोन्ही गट नाही म्हणाले. ‘त्या कोजागिरीची घंटा’ कुणालाच नको होती. त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मी कपाटात गेले. आता मला कुणी घासत नाही.

कपाटाचं दार नीट लागत नाही, म्हणून मला थोडं दिसतं. रुचिरच्या पहिल्या सभेत पुढच्या रांगेत खोतसाहेब बसले होते, लेकीला घेऊन. त्यांच्या गटातून तेवढेच आले होते पुढे. मागून ओरडा झाला तेव्हा ते वळून म्हणाले, “थांबा. आधी ते काय म्हणतात ते ऐकू या.” ओरडा काही थांबला नाही. पण रुचिर त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग थोडं अडखळत बोलू लागला.

माझ्यावरची धूळ पुसा, असं मी तुम्हांला सांगणार नाही. पितळ काय, कधीही घासता येतं. माझी विनंती वेगळी आहे. कुणी अध्यक्ष, मग तो तुमच्या गटाचा असो की नसो, बाहेर धूर आहे असं म्हणाला, तर तो कोणत्या बाजूचा ते मागाहून बघा. आधी खिडकी उघडून आकाशाकडे बघा.