यान्बूसमोरचा बारावा खडक

गुरुवारी सकाळी आठ चाळीसला यूनुसच्या लक्षात आलं, की पिवळी क्रेन जागेवर नाही.

बोट तेव्हा यान्बूच्या किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत होती. तांबडा समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर. यूनुसने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, काचा सदऱ्याला पुसल्या, पुन्हा लावली. मशिदीचा मिनार होता, मागच्या डोंगराची खाच होती, टेकडीवरची पांढरी पाण्याची टाकी होती. टाकीच्या पुढे क्रेन हवी होती, तिथे आकाश होतं.

“काय झालं, अब्बा?” समरीनने विचारलं. त्याची मुलगी याच बोटीवर पाहुण्यांना समुद्राखाली फिरवायचं काम करत होती. पाठीला सिलिंडर बांधून ती तयार बसली होती.

“क्रेन गेली.”

“कुठे गेली?”

“मला सांगून गेली असती तर तुला सांगितलं असतं!”

बोटीच्या कंपनीचा मॅनेजर हानी हा इजिप्तचा माणूस. आधी नऊ वर्षं तो माल्टाला होता. तिथे बेटाभोवती बुडी मारायच्या प्रत्येक जागेला नाव असतं आणि पाहुण्याच्या हातात तिचा नकाशा असतो, हे तो बोटीवरच्या सगळ्यांना इतक्या वेळा सांगून चुकला होता, की इंजिन सांभाळणारा साताऱ्याचा वैभवही माल्टाची माहिती आपल्या गावासारखी सांगायचा. तसाच नकाशा हानीला इथल्या छोट्या बेटाभोवती करायचा होता. अकरा जागा ठरल्या होत्या. बारावी यूनुस दाखवणार होता. नकाशा दुपारी छापखान्यात जायचा होता.

“कॅप्टन, बारा बजे खलास,” हानी आपल्या हिंदीत म्हणाला.

बाराव्या जागेची गोष्ट अशी. सहा आठवड्यांपूर्वी यूनुस आणि वैभव इंजिन तपासायला रिकामी बोट घेऊन निघाले होते. चाळीस मीटर पाण्यात मध्येच खोली नऊ मीटर झाली. यूनुसने नांगर टाकला, तो खडकात असा अडकला की शेवटी दोर कापावा लागला. वैभव हळहळला, पण यूनुसचा चेहरा खुलला. दापोलीकडच्या त्याच्या वाडीत रिवाज होता: ज्याचा नांगर खडकावर पहिल्यांदा राहतो, त्याचं नाव खडकाला. त्याच्या आजोबांच्या नावाचा खडक गावासमोर अजून आहे. यूनुसला सौदीत सव्वीस वर्षं झाली होती आणि या देशात त्याचं नाव फक्त इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, छापलं गेलं होतं. डिसेंबरात तो कायमचा घरी परतणार होता. जाण्याआधी नकाशावर ‘यूनुसचा खडक’ एवढे दोन शब्द त्याला हवे होते.

म्हणून त्या दिवशी त्याने बापाने शिकवल्या तशा खुणा धरल्या. डोंगराच्या खाचेत मिनार बसला की पहिली रेघ. पांढऱ्या टाकीपुढे क्रेन आली की दुसरी. दोन्ही जुळतील तिथे खाली खडक.

“जीपीएसचं बटण दाबायला काय झालं होतं?” समरीन म्हणाली. “मोबाइल पण खिशात होता ना, अब्बा? सीरियसली?”

“खुणा धरल्या होत्या की! बटण कशाला दाबू?”

“वाडीतल्या खुणा दोनशे वर्षं हलत नाहीत. इथे बांधकामाची क्रेन म्हणजे काय डोंगर आहे?”

वैभवने तोंड फिरवून हसू लपवलं. यूनुसला ते दिसलं.

“तू हसू नकोस. तू पण होतास.”

“मी दोर कापत होतो, यूनुसभाई. तुम्ही डोळे मिटून काहीतरी पाठ करत होतात, मला वाटलं दुआ आहे.”

तासभर बोट पहिल्या रेघेवर खाली-वर फिरली. खोली चाळीसच्या वर येईना. हानीने दोनदा घड्याळाकडे आणि एकदा आभाळाकडे बघितलं. मग यूनुसला गुणाजी आठवला. ती क्रेन किनाऱ्यावरच्या ज्या नव्या हॉटेलच्या बांधकामावर होती, तिथेच वेंगुर्ल्याचा गुणाजी क्रेनला माल बांधायचं काम करत होता. दर शुक्रवारी तो यूनुसकडे माशाचं कालवण जेवायला येई.

फोन स्पीकरवर लागला.

“गुणाजी, तुमची पिवळी क्रेन कुठे गेली?”

“खोलून नेली, तीन आठवडे झाले. कित्याक? इकत घेतंस?”

“ती नेमकी कुठे उभी होती, आठवतं?”

“यूनुसभाय, आठ म्हयने मी तिच्या पायाशी उभा. आणि माका विचारतंस आठवता काय! उत्तरेच्या कोपऱ्याक चिकटून होती.”

“मग त्या कोपऱ्यावर गच्चीत जा आणि मला दिसेल असं काहीतरी लाव. मोठं.”

“सुपरवायझर इचारीत, तर काय सांगू?”

“सांग, समुद्रातल्या माणसाची वाट चुकली.”

दहा पन्नासला हॉटेलच्या गच्चीवरून केशरी ताडपत्री खाली सुटली. दुर्बिणीत शेजारी मुंगीएवढा गुणाजी हात हलवत होता. बोट रेघेवरून हळूहळू उत्तरेकडे सरकली. ताडपत्री टाकीकडे आली, टाकीला चिकटली, टाकीपुढे बसली.

“थांब!” यूनुस ओरडला.

वैभवने पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचले. “अडतीस. एकतीस. सोळा. नऊ!”

हानीने यूनुसला मिठी मारली आणि स्वतः जीपीएसचं बटण दाबलं. दोनदा. समरीन पाण्यात उतरली.

ती वर आली तेव्हा अकरा अठ्ठावीस झाले होते. तिने मास्क कपाळावर सरकवला.

“अब्बा, जबरदस्त जागा आहे! खाली कमान आहे, ढालीएवढे मासे आहेत. आणि नांगर आहे. आपला निळा दोर, वैभवची ती भलतीच गाठ, सगळं आहे.”

बोटीवर टाळ्या झाल्या. हानीने पेन काढलं.

“पण दोन आहेत,” समरीन म्हणाली.

“दोन काय?”

“नांगर. दुसरा आपल्यापासून दोन हातांवर आहे. आपल्यापेक्षा मोठा. त्याच्यावर प्रवाळ चढलंय, म्हणजे खूप जुना असणार.” तिने कॅमेरा पुढे केला.

यूनुसने फोटो बराच वेळ पाहिला. हानीला रिवाज समजावून सांगितला तेव्हा तो हसायला लागला. ज्याने जागा शोधली त्याचं नाव लिहू, त्या जुन्या नांगराला कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं पडलं.

“मी विचारतोय,” यूनुस म्हणाला. “पहिला नांगर ज्याचा, नाव त्याचं. माझा दुसरा.”

“तुमचाच नियम आहे, अब्बा. इथे कोणाला माहीत पण नाही.”

“तुला माहीत आहे ना? मग झालं.”

बारा वाजून पाच मिनिटांनी हानीने नकाशा छापखान्यात पाठवला. बाराव्या आकड्यापुढची जागा कोरी होती. ती भरायला छापखान्याने रविवार सकाळपर्यंत मुदत दिली. बारा वीसला समरीनने नांगराचा फोटो बंदरातल्या बोटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी नांगर आपला असल्याचं कळवलं. त्यांतला एक हाइलचा ट्रकवाला होता. समुद्र त्याच्या गावापासून शेकडो किलोमीटरवर. वैभवने त्याला हसरा चेहरा पाठवला. आठ जणांना यूनुसने फोन करून एकच प्रश्न विचारला: नांगराची कडी कशी आहे? फोटोत कडी दिसत नव्हती. आठांपैकी कोणालाही सांगता आलं नाही.

नववा निरोप होता यान्बूतल्याच एका म्हाताऱ्या सौदी कोळ्याचा, आणि तो नातवाने लिहिला होता. कडी एका बाजूने चेपलेली आहे, आजोबांच्या वडिलांनी ती हातोडीने ठोकली होती, असं त्यात होतं.

समरीन शनिवारी सकाळी सात वाजता ती कडी पाहायला खाली उतरणार आहे. म्हाताऱ्याने बोटीवर जागा मागितली आहे आणि यूनुसने ती दिली आहे.