साहेबांनी ठोकलेला खिळा

नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडक्या बंद होत्या आणि दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर बाबांची तसबीर रडत होती. काचेवरून थेंब ओघळत होते, माणसं बाटल्या पुढे करत होती, आणि बाबांचा शिष्य माइकवर ओरडत होता, "बाबा द्रवले! औषधं फेका, श्रद्धा धरा! ज्याला शंका, त्याला गुण नाही!" गुण आला नाही तर दोष आजाऱ्याचाच, ही पळवाट गड्यानं आधीच काढून ठेवली होती.

कचेरीचा प्लंबर गर्दीत बहिणीला शोधत होता. तिची सहा वर्षांची मुलगी तापानं फणफणली होती आणि चार दिवस गोळ्या बंद करून बहीण तिला हेच पाणी पाजत होती. 'हे पाणी पिऊ नका' असा कागद त्यानं पहिल्याच दिवशी सूचनाफलकावर लावला, तर साहेबांनी तो फाडला. भावना दुखावल्या म्हणे! माफीनाम्यावर सही कर, नाहीतर निलंबन. तसबीरही साहेबांनीच स्वतःच्या हातानं सरकारी भिंतीवर टांगलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बहीण सापडली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

"अगं, दवाखान्यात चल. पाया पडतो तुझ्या."

"दादा, गोळ्यांनी काय झालं? आणि हे खोटं असतं, तर सरकारनं इथे लावू दिलं असतं का?"

तो तडक जिना चढला. गळती शोधायला प्लंबर करतात तेच त्यानं केलं. वरच्या स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये निळा रंग ओतला आणि नळ सोडला.

तो खाली येईतो बाबांच्या गालांवरून निळं पाणी वाहत होतं.

"निळे अश्रू! आणखी मोठा चमत्कार!" शिष्य किंचाळला.

"कसला चमत्कार!" प्लंबरनं तसबीर उतरवली आणि पकडीनं खिळा उपटला. भिंतीतून निळी, फेसाळ धार उडाली. "साहेबांनी खिळा ठोकला तो सांडपाण्याच्या पाइपात. वर कोणी हात धुतले, चूळ भरली, की खाली बाबा रडतात."

बहिणीच्या हातून बाटली पडली. "दादा, मी काय पाजलं रे तिला?" पोरीला कवटाळून ती दवाखान्याकडे धावत सुटली.

गर्दीतून वाट काढत आलेल्या साहेबांनी माफीनामा पुढे केला. "आधी सही कर."

"नाही करत. घरी कोणालाही भजा, साहेब. पण ही भिंत सगळ्यांची आहे, न भजणाऱ्यांचीसुद्धा. तुम्ही तसबीर टांगलीत म्हणून माझ्या बहिणीला तो चमत्कार खरा वाटला." तो गर्दीकडे वळला. "लोकहो, नमस्कार करण्याआधी भिंतीमागे काय आहे ते विचारा. आणि जो विचारतो, त्याला बोलू द्या. मला चार दिवसांपूर्वी बोलू दिलं असतं, तर ती पोर आज पायांनी चालत गेली असती."