उपस्थिती : एक

घरात सगळ्यांत धाकटी असूनही तिला अक्का म्हणायचे. लहानपणापासून वागणंच असं पोक्त, की थोरला भाऊसुद्धा अक्का म्हणू लागला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ही अक्का चौतिसाव्या वर्षी विमानात बसून दहा महिन्यांसाठी परदेशी निघाली, तेव्हा वहिनी शेजारणीला म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी विचारून जायची हो! आणि आता बघा."

अक्का सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधायची. हात असा, की शंभरातली पंच्याण्णव जगायची. तिथल्या साहेबांनीच तो कागद तिच्यापुढे ठेवला : आंतरराष्ट्रीय कृषी प्रशिक्षण आणि सांस्कृतिक देवाणघेवाण. वयाची अट पस्तीस. "तुझे दोनच महिने उरलेत," साहेब म्हणाले. "भर आणि मोकळी हो."

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. बोलायची, पण शब्द सगळे एकमेकांत कालवल्यासारखे. ते फक्त अक्काला कळायचे. मग दिवसातून वीसदा घरभर हाक फिरायची, "अक्का, आई काय म्हणतेय बघ गं!" हातातला चाकू टाकून अक्का धावायची, कान लावायची आणि सांगायची : खिडकी लाव म्हणतेय, दादा जेवला का विचारतेय. आई गेली तशी हाकही गेली. घरात कुणी वाईट वागत नव्हतं. दादा प्रेमळ, वहिनी मनमिळाऊ. फक्त तिला विचारण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं. अक्कानं कागदावर सही ठोकली.

तिकडे तिला नासपतीच्या एका मोठ्या रोपवाटिकेत घातलं. काम ओळखीचं होतं. खुंट कापायचा, काडीला पाचर काढायची, सालीला साल भिडवून पट्टी आवळायची. मालकीणबाईनं पहिल्याच आठवड्यात तिची कलमं उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. त्यापलीकडे बोलणं होण्याचा प्रश्नच नव्हता. अक्काला त्यांच्या भाषेतले शब्द येत होते ते असे : चाकू, पट्टी, पाणी, थंडी, उद्या, संपलं.

राहायला बियाण्यांच्या कोठारावरची खोली होती. लोखंडी खाट, एक टेबल, आणि खिडकीतून दिसणाऱ्या उभ्या गाड्या. रविवारी ती दुकानात जाऊन डब्यांवरची नावं हळू आवाजात वाचायची, आपला आवाज शाबूत आहे ना हे बघायला. दुपारच्या सुट्टीत बाकीचे कामगार गप्पा मारायचे. ते हसले की क्षणभरानं अक्काही हसायची. एकदा सगळे नुसतेच गप्प झाले, तर हिला वाटलं विनोद संपला, म्हणून ही हसली. नंतर कळलं, तो माणूस आपला म्हातारा कुत्रा मेल्याचं सांगत होता. तेव्हापासून ती सुट्टीत डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसू लागली.

तिसऱ्या महिन्यात प्रशिक्षणाच्या समन्वयक बाईंचा कागद आला. प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं गावकऱ्यांसमोर आपल्या घराविषयी अर्धा तास बोलायचं आणि खाली उपस्थितांची संख्या लिहून सही आणायची. रविवारी चार वाजता, गावातल्या सभागृहात. अक्कानं शब्दकोश घेऊन तीन पानं लिहिली. घोकून घोकून पाठ केली. आणलेल्या दोन बऱ्या कपड्यांपैकी एक इस्त्री करून टांगून ठेवला.

रविवारी दुपारी हवामानाचा इशारा आला. रात्री पारा शून्याखाली जाणार, आणि नासपती नेमक्या मोहोरलेल्या. सगळं गाव बागांवर कापड घालायला धावलं. अक्कानंही हातमोजे चढवले, तशी मालकीणबाई म्हणाली, "तू नाही. तुझं भाषण."

"मी... काम," अक्का म्हणाली. "भाषण उद्या."

"उद्या सभागृह मिळत नाही. जा."

कापडाची गुंडाळी उलगडत माणसं दोन्ही बाजूंनी हाका देत पुढे सरकत होती. अक्कानं मोजे काढले.

सभागृहात चाळीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. तिसऱ्या रांगेत एकच म्हातारा बसला होता. किल्लीवाला. सभागृह उघडायचं, झाडायचं, बंद करायचं, हे त्याचं काम. साडेचार झाले, पावणेपाच झाले. शेवटी त्यानं हातानं खूण केली, कर सुरू.

अक्कानं पान हातात घेतलं. "नमस्कार. माझं घर लहान आहे. माझ्या घरात तीन माणसं राहतात." चौथ्या वाक्यात ती अडकली. एक शब्द तीनदा म्हटला, तिन्ही वेळा वेगळा. म्हातारा भुवया ताणून ऐकत होता. मग म्हणाला, "तुझ्या भाषेत बोल. मला सहापर्यंत बसायचंच आहे."

तिला वाटलं थट्टा आहे. पण तो हाताची घडी घालून नीट टेकून बसला होता.

आणि अक्का आपल्या भाषेत बोलू लागली. आधी वहिनीचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, कुत्र्याच्या वेळी आपण कशा हसलो ते सांगितलं आणि हसली. तीन महिन्यांचं तुंबलेलं असं काही वाहू लागलं, की आईच्या शेवटच्या महिन्यावर कधी आली, तिचं तिलाच कळलं नाही.

"शेवटी आई एकच एक म्हणायची," अक्का म्हणाली. "हिला कुठेतरी जाऊ द्या. सगळ्यांकडे बघत म्हणायची. आणि घरचे मला विचारायचे, काय म्हणतेय? मी सांगायची, उशी सरळ कर म्हणतेय. दर वेळी हेच. मला भीती वाटायची हो. यांनी खरंच पाठवलं असतं, तर मी कुणाची राहिले असते?"

ती थांबली.

म्हाताऱ्यानं सावकाश विचारलं, "इथे थांबलीस. काय होतं?"

अक्कानं शब्द शोधले. आई हा शब्द येत होता. उशी येत नव्हता. तिनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले, मान कलती केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"झोप आली?" म्हातारा उठलाच. "अगं मग जा ना! रोज पहाटे उठता तुम्ही लोक." त्यानं मायेनं तिच्या खांद्यावर थोपटलं, कागदावर 'उपस्थिती : एक' असं लिहून सही केली आणि खुर्च्या रचायला लागला. अक्कानं त्याला खुर्च्या रचायला मदत केली.

परतेपर्यंत बाग झाकून झाली होती. "किती आले?" मालकीणबाईनं विचारलं.

"एक. किल्लीवाले."

"त्याला बसायचा पगार मिळतो," बाई हसून म्हणाली आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी अक्कानं दादाला फोन लावला. एकदा तोंडातून निघालेलं आता गप्प बसू देत नव्हतं. "दादा, आई शेवटी उशीचं म्हणत नव्हती." आणि काय म्हणत होती ते सांगून टाकलं.

तिकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"मी उशी सरळ करायचो," दादा म्हणाला, "आणि ती माझा हात झटकायची. मला वाटायचं, मला एवढंही धड जमत नाही. तेव्हापासून हेच डोक्यात आहे गं."

"दादा, चुकलंच माझं."

"आम्हाला तरी कुठं सुचलं, तुला जा म्हणायचं." मग त्यानं विचारलं, "थंडी आहे का तिकडे?"

"आहे. पण मोहोर वाचलाय म्हणतात."

खालून मालकीणबाईच्या गाडीचं दार वाजलं. "ठेवते आता," अक्का म्हणाली.

"थांब जरा," दादा म्हणाला. "बोलू नकोस हवं तर. पण थांब."

अक्का फोन कानाला लावून खाटेच्या काठावर बसून राहिली. कामावर जायला त्या दिवशी तिला दहा मिनिटं उशीर झाला.