घाबरलेल्या बोटांचा चिमटा

मी चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे, बोटाला लावायचा. माझ्या पोटात एक लाल दिवा आहे. त्याच्या उजेडात मी माणसाची नाडी मोजतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते आकड्यात दाखवतो. एवढंच माझं काम.

कारखान्यात आम्ही हजारभर एकाच दिवशी जन्मलो. तपासणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, "चालतोय" म्हणाल्या आणि खोक्यात टाकलं. तिथून मी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आलो. ज्यांना त्या खुर्चीचीच धास्ती, त्यांना बाई तासभर आधी एक छोटी गोळी देत. माणूस जागा राहतो, पण सुस्तावतो. भीती जरा बाजूला जाऊन बसते. गोळी दिली की मला बोटावर चढवायचं, हा नियम.

"मला काही वाटत नाही हो" म्हणणाऱ्यांची नाडी एकशेवीसवर गेलेली मी कितीदा तरी पाहिली. मी कुणाला बोललो नाही. आकडा दाखवला.

एकदा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका सुनेबरोबर आले. दाढ किडलेली, दोन महिने एकाच बाजूनं जेवण.

"आयुष्यभर आगीत शिरले," सून म्हणाली, "आणि सुई दिसली की दार गाठतात."

"आग समोरून येते गं. ही मेली तोंडात शिरते."

बाईंनी विचारलं, "आज घरून दुसरं कुठलं औषध घेऊन आलात?"

"छे!"

गोळी दिली. तासाभरानं काका खुर्चीत, मी त्यांच्या तर्जनीवर. प्राणवायू सत्त्याण्णव. हिरडीत इंजेक्शन दिलं तरी काका हूं की चूं करेनात. मग आकडा उतरू लागला. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. एकोणनव्वदला मी धोक्याचं टीं-टीं ओरडायला लागलो.

बाईंनी हातातलं अवजार टाकलं, काकांची हनुवटी वर उचलली, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क धरला. "काका, डोळे उघडा! मोठा श्वास घ्या!"

एक श्वास आला. दुसरा बराच वेळ आला नाही. दारात उभ्या सुनेनं तोंडावर हात धरला होता. मग आला. आकडा हळूहळू चौऱ्याण्णववर चढला.

"खरं सांगा, घरी काय घेतलंत?"

काकांची जीभ जड झाली होती. "हिच्या सासूच्या... झोपेच्या दोन गोळ्या."

"अहो बाबा, त्यांनी विचारलं होतं ना!" सून खुर्चीजवळ आली.

"लाज वाटली गं."

त्या दिवशी दाढ जागच्या जागी राहिली. काका पूर्ण सावध होईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, बाईंनी मला त्यांच्या बोटावरून काढलं नाही.

आठ दिवसांनी ते परत आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "सकाळी रक्तदाबाची नेहमीची गोळी घेतलीय. बाकी काही नाही. आणि भीती वाटतेय, तीही लिहून घ्या." दाढ निघाली. मी एकदाही ओरडलो नाही.

आता माझी स्प्रिंग ढिली पडलीय, बारीक बोटावरून घसरतो. नवा चिमटा आलाय. माझी बॅटरी काढून मला खालच्या खणात ठेवलंय. तक्रार नाही, एवढंच सांगायचंय. आकडा उतरला हे आमच्यापैकी कुणीही सांगेल; का उतरला, ते तुम्हालाच सांगावं लागतं. खुर्चीत बसून तोंड उघडायचंच असतं, तर ते जरा आधी उघडा.